३:५५.३ मोठं की ३:५३.४३? अमेरिकेतल्या शाळकरी धावपटूंची राज्याराज्यांत तुलना कशी करायची

२७ जून १९६५. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेतली एक मैलाची शर्यत चालू आहे. न्यूझीलंडचा पीटर स्नेल त्यात धावतोय. आदल्याच वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं ८०० आणि १५०० मीटर अशी दोन सुवर्णपदकं जिंकली आहेत. त्याच्यापुढे आहे अठरा वर्षांचा एक उंच, किडकिडीत मुलगा. नाव जिम रायन, शाळा कॅन्सस राज्यातली विचिटा ईस्ट हायस्कूल. शेवटच्या सरळ पट्ट्यात स्नेल अगदी खांद्याला खांदा लावायला आला, पण मुलानं त्याला पुढे जाऊ दिलं नाही. वेळ लागली ३ मिनिटं ५५.३ सेकंद.

छत्तीस वर्षांनी, २७ मे २००१ रोजी, ओरेगॉनमधल्या युजीन गावात व्हर्जिनियाच्या साउथ लेक्स हायस्कूलचा ॲलन वेब अशाच एका मोठ्या शर्यतीत उतरला. मोरोक्कोचा विश्वविक्रमवीर हिशाम एल गेरूज ३:४९.९२ वेळेत जिंकला आणि वेब पाचवा आला. पण त्याच्या ३:५३.४३ या वेळेनं रायनचा शालेय विक्रम अखेर मोडला.

आता घड्याळाला विचारलं तर उत्तर सोपं आहे. वेब रायनपेक्षा जवळपास दोन सेकंदांनी वेगवान, म्हणून शालेय मैलात व्हर्जिनिया कॅन्ससच्या वर. पण अमेरिकेत शाळेच्या धावण्यावर जीव टाकणाऱ्या माणसाला हे सांगून बघा, तो ऐकून घेणार नाही. कुठल्या राज्याचे शाळकरी धावपटू सर्वकाळात सर्वोत्तम, हा तिथला जुना, आवडता वाद आहे. मला या वादाचं मोल वाटतं, कारण तो नीट घालायचा तर धावण्याबद्दल बरंच काही समजून घ्यावं लागतं.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. तिकडचं हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, साधारण चौदा ते अठरा वर्षांची मुलं. आपल्याकडे शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील अशा वयोगटांत होतात. तिथे सगळं शाळेच्या संघावर आणि इयत्तेवर चालतं. शरद ऋतूत क्रॉस कंट्री, म्हणजे गवत, माती, चढउतार अशा वाटेवरची साधारण पाच किलोमीटरची शर्यत. वसंतात ४०० मीटरच्या ट्रॅकवरच्या शर्यती. ईशान्येकडच्या थंड राज्यांत मधल्या हिवाळ्यात छपराखालचा इनडोअर हंगामही असतो. अमेरिकेतल्या मराठी घरांना क्रॉस कंट्री हा शब्द आता नवा नाही, कारण बऱ्याच शाळांत या संघात कुणालाही प्रवेश असतो. मूल पळायला तयार असलं की झालं.

या वादाचं मूळही व्यवस्थेतच आहे. प्रत्येक राज्याची आपली शालेय क्रीडा संघटना असते आणि ती राज्य स्पर्धा घेते. त्यापुढे, सगळ्या राज्यांच्या संघटनांनी मिळून घेतलेली अधिकृत राष्ट्रीय शालेय स्पर्धाच नाही. राज्यविजेता ही शेवटची अधिकृत पायरी. त्यावरचं सगळं बूट कंपन्यांच्या निमंत्रित स्पर्धांवर आणि लोकांच्या हिशेबांवर सोडलेलं. मैदानात सुटला नाही तो प्रश्न कागदावर सोडवायला माणसं बसणारच.

कागदावर बसलं की पहिली अडचण येते ती अंतराची. मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर. पण ट्रॅक ४०० मीटरचा, चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर. बहुतेक राज्यांच्या शालेय स्पर्धांत मैलाऐवजी १६०० आणि दोन मैलांऐवजी ३२०० मीटर धावतात. फरक नऊ मीटरचा, पण चार मिनिटांच्या वेगानं ते नऊ मीटर कापायला सुमारे १.४ सेकंद लागतात. दोन मैलांत हाच फरक तीन सेकंदांवर जातो.

हे किती फसवं आहे त्याचं एक उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियातल्या रिव्हरबँक गावच्या हेर्मान फर्नांडिसचं. २००८ मध्ये राज्य स्पर्धेत त्यानं १६०० मीटर ४:००.२९ मध्ये जिंकले आणि त्याच स्पर्धेत ३२०० मीटर ८:३४.२३ मध्ये. थोड्याच दिवसांनी एका राष्ट्रीय निमंत्रित स्पर्धेत तो पूर्ण दोन मैल धावला. वेळ ८:३४.४०. कागदावर दुसरी वेळ किंचित कमी दर्जाची दिसते. खरं तर ती जवळपास तीन सेकंदांनी सरस आहे, कारण त्यात १८.७ मीटर जास्त आहेत. १९७९ पासूनचा जेफ नेल्सनचा ८:३६.३ हा दोन मैलांचा शालेय विक्रम मोडला तो या धावेनं. उलट त्याचे ४:००.२९ बघून ‘अरे, चार मिनिटांच्या मैलाला जरासाच चुकला’ असं म्हणणंही चूक. मैलात त्याचे ४:०१ च्या वर जातात.

१५०० मीटरचंही तसंच. मिशिगनच्या हॉब्स केसलरनं मे २०२१ मध्ये पोर्टलंडला १५०० मीटर ३:३४.३६ मध्ये पार केले. मैलात रूपांतर करायला लोक ढोबळमानानं १.०८ नं गुणतात. त्या हिशेबानं हा ३:५१.५ च्या आसपासचा मैल झाला, म्हणजे वेबपेक्षाही वेगवान. पण तो मैल प्रत्यक्षात कुणी धावलेला नाही. गुणाकारातून आलेला आकडा आणि छातीनं फीत तोडून मिळवलेला आकडा एकाच रांगेत ठेवू नयेत, असं माझं मत आहे. शेजारी ठेवावेत, वेगळ्या रंगात.

केसलरची वेळ केवढी मोठी आहे हे आपल्या ओळखीच्या मापानं बघू. १५०० मीटरमध्ये जिन्सन जॉन्सननं २०१९ मध्ये बर्लिनला केलेला भारतीय विक्रम ३:३५.२४ आहे. म्हणजे मिशिगनचा बारावीतला मुलगा भारताच्या राष्ट्रीय विक्रमापेक्षा वेगानं धावला. ५००० मीटरमध्ये बहादूर प्रसाद यांचा १९९२ चा १३:२९.७० हा भारतीय विक्रम तीस वर्षं अबाधित होता. बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं तो २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात मोडला आणि मे २०२३ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात १३:१९.३० पर्यंत खाली आणला. त्याच महिन्यात, त्याच परिसरात, न्यूबरी पार्क हायस्कूलच्या लेक्स यंगनं १३:३४.९६ वेळ देऊन शालेय विक्रम केला. एका देशाच्या तीस वर्षांच्या विक्रमापासून एक शाळकरी मुलगा फक्त पाच सेकंद मागे. शाळकरी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येतं, ते इथे पार बाजूला ठेवावं लागतं.

दुसरी अडचण जमिनीची आणि बुटांची, आणि तिथेच हा विषय खरा रंगतो.

रायनच्या काळातले बहुतेक ट्रॅक सिंडरचे होते, म्हणजे जळालेल्या कोळशाची बारीक खडी दाबून केलेले. पाऊस पडला की चिखल, आणि एका दिवसात बऱ्याच शर्यती झाल्या की आतली मार्गिका खणून निघायची. पावलाचा जोर मातीत जिरायचा. ऑलिंपिकमध्ये सिंथेटिक ट्रॅक आला तो १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत. पुढे तो सगळीकडे पसरला. बुटांमध्ये मोठी उडी २०२० च्या सुमाराला आली: हलका, उसळी देणारा नव्या फोमचा तळ आणि त्यात ताठ पट्टी. या बुटांनी प्रत्येकाला नेमके किती सेकंद दिले हे सांगता येणार नाही, कारण प्रत्येकाच्या पायाला ते वेगळं मानवतं. पण परिणाम यादीत दिसतो. चार मिनिटांच्या आत मैल धावणारे शाळकरी मुलगे १९६४ ते १९६७ या काळात तीन झाले: कॅन्ससचा रायन, कॅलिफोर्नियाचा टिम डॅनियलसन, न्यू जर्सीचा मार्टी लिक्वोरी. मग थेट २००१ मध्ये वेब. मग २०११ मध्ये इलिनॉयचा लुकास व्हर्झबिकास. २०१५ मध्ये ओरेगॉनचा मॅथ्यू मेटन आणि मिशिगनचा ग्रँट फिशर, आणि गंमत म्हणजे दोघांची वेळ शतांशापर्यंत सारखी, ३:५९.३८. मग आणखी काही जण. आणि २०२२ या एकाच वर्षात पेनसिल्व्हेनिया, मिसूरी, कॅलिफोर्निया आणि साउथ डकोटा अशा चार राज्यांतली मुलं त्या रेषेच्या आत आली. लिक्वोरी आणि वेब यांच्यामधली चौतीस कोरडी वर्षं आणि २०२२ चं ते एक वर्ष शेजारी ठेवलं की कळतं, नुसत्या वेळेवर यादी लावली तर वरच्या जागा आजच्या मुलांनाच जाणार.

मग काय करायचं? मला पटणारी रीत अशी: धावपटूला त्याच्या काळाच्या मापानं मोजायचं. त्या दिवशी जगातला सर्वोत्तम माणूस कुठे होता आणि हा मुलगा त्याच्यापासून किती लांब होता?

करून बघू. रायन ३:५५.३ धावला तेव्हा मैलाचा विश्वविक्रम होता फ्रान्सच्या मिशेल जाझीचा, ३:५३.६, आणि तो झाल्याला तीन आठवडेही उलटले नव्हते. अंतर १.७ सेकंद. वेब धावला तेव्हा विश्वविक्रम होता एल गेरूजचा ३:४३.१३. अंतर १०.३ सेकंद. केसलर धावला तेव्हा १५०० मीटरचा विश्वविक्रम ३:२६.००, म्हणजे अंतर ८.४ सेकंद, तेही मैलापेक्षा छोट्या शर्यतीत. घड्याळाच्या यादीत मागे गेलेला रायन या मापानं एकदम सगळ्यांच्या पुढे उभा राहतो. तो शाळेतला सर्वोत्तम होताच, पण जगातल्या सर्वोत्तम माणसाच्या अगदी पाठीशीही होता. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, त्यानं ३:५१.३ धावून विश्वविक्रम स्वतःच्या नावावर केला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

आता हाच हिशेब लांब अंतराला लावा, म्हणजे एक नाव वर येतं जे माझ्या मते या वादात नेहमी कमी घेतलं जातं. जेरी लिंडग्रेन. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातल्या रॉजर्स हायस्कूलचा, चणीनं अगदी लहान मुलगा. १९६४ मध्ये त्यानं ५००० मीटर १३:४४.० मध्ये पार केले. तेव्हाचा विश्वविक्रम होता सोव्हिएत संघाच्या व्लादिमिर कुट्सचा १३:३५.०. अंतर ९ सेकंद. लिंडग्रेनचा हा शालेय विक्रम चाळीस वर्षं टिकला. ओरेगॉनच्या गेलन रपनं तो २००४ मध्ये १३:३७.९१ वेळेत मोडला. त्या वेळी विश्वविक्रम होता केनेनिसा बेकेलेचा १२:३७.३५. अंतर एक मिनिट. लेक्स यंगनं २०२३ मध्ये रपला मागे टाकलं तेव्हाही विश्वविक्रमापासूनचं अंतर जवळपास एक मिनिटच. नऊ सेकंद कुठे आणि साठ सेकंद कुठे! आणि चाळीस वर्षं टिकलेली ही वेळ सिंडरच्या जमान्यातली होती, हे विसरू नये.

लिंडग्रेनबद्दल आणखी थोडं लिहायचा मोह आवरत नाही. त्याच १९६४ च्या जुलैत लॉस एंजेलिसला अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांचा सामना झाला. शीतयुद्धाचे दिवस. १०,००० मीटरमध्ये त्या सामन्यांत तोवर एकही अमेरिकन जिंकलेला नव्हता. नुकताच शाळा संपवलेला हा मुलगा रशियन धावपटूंना मागे टाकून जिंकला. टोकियो ऑलिंपिकला गेला, तिथे घोटा मुरगळला, तरी अंतिम शर्यतीत नववा आला. पुढच्या वर्षी, सॅन डिएगोच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेत जिथे रायननं स्नेलला हरवलं, लिंडग्रेन आणि टोकियोचा सुवर्णविजेता बिली मिल्स यांनी सहा मैलांत एकाच वेळेत, २७:११.६ मध्ये, रेषा ओलांडली आणि तो विश्वविक्रम ठरला. तोवर लिंडग्रेन कॉलेजात गेला होता, म्हणून ही धाव शालेय यादीत येत नाही.

या रीतीलाही एक खोट आहे, ती सांगायलाच हवी. १९६४-६५ मध्ये लांब पल्ल्याच्या धावण्याचं जग लहान होतं. केनिया आणि इथिओपियाचे धावपटू तेव्हा कुठे जागतिक ट्रॅकवर यायला लागले होते. विश्वविक्रमाची भिंतच बुटकी होती, तिच्याजवळ पोचणं त्या मानानं सोपं होतं, असा युक्तिवाद करता येतो आणि तो खोटा नाही. म्हणून दुसरं एक माप सोबत ठेवावं: हा मुलगा स्वतःच्या पिढीतल्या बाकी शाळकरी मुलांच्या किती पुढे होता? इथे वेबचं पारडं जड होतं. त्याच्याआधी चौतीस वर्षं आणि त्याच्यानंतर दहा वर्षं एकाही अमेरिकन शाळकरी मुलाला चार मिनिटांच्या आत मैल धावता आला नव्हता. त्या सगळ्या काळात हा एकटा, आणि तोही नुसता आत नव्हे, साडेसहा सेकंद आत. दोन्ही मापं लावून मी रायनलाच वर ठेवतो, पण वेबला त्याच्या खालोखाल, इतर कुणाच्याही वर.

आतापर्यंत आपण शिखरं मोजली. पण राज्याची तुलना म्हणजे फक्त एका माणसाची तुलना नव्हे. इथे क्रॉस कंट्रीची गुणपद्धत कामाला येते. संघात सात जण धावतात. पहिल्या पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज होते, सर्वांत कमी बेरीज जिंकते. सहावा आणि सातवा स्वतः गुण देत नाहीत, पण दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे शिरले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. म्हणजे पहिला येणाऱ्याचा फायदा एकाच क्रमांकाचा, आणि पाचवा पन्नासावा आला तर बेरजेत पन्नासची भर.

तर प्रत्येक राज्याचे सर्वकाळातले सात जण निवडा आणि त्यांना मनातल्या मनात एकाच शर्यतीत उतरवा. कॅन्ससचा रायन पहिला येईल. कॅन्ससची परंपरा त्याच्यापुरतीच नाही: एल्कहार्ट गावचा ग्लेन कनिंगहॅम, लहानपणी शाळेतल्या आगीत पाय भाजलेला, १९३० मध्ये ४:२४.७ या शालेय विक्रमी वेळेत मैल धावला आणि १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचं रौप्य घेऊन आला. पुढे वेस सँटी हा आणखी एक मैलाचा धावपटू झाला. पण पाचवा, सहावा, सातवा शोधायला लागलं की कॅन्ससचा दम संपतो. कॅलिफोर्नियाचं तसं नाही. डॅनियलसन, जेफ नेल्सन, फर्नांडिस, रायन हॉल, निको यंग, कॉलिन सालमन, लेक्स यंग, आणि अजून चार-पाच नावांना बाहेर ठेवताना जीव तुटतो. यातले शेवटचे तिघं तर एकाच शाळेचे: लॉस एंजेलिसच्या वायव्येला असलेल्या न्यूबरी पार्कचे. निको हा लेक्स आणि त्याचा जुळा भाऊ लिओ यांचा मोठा भाऊ. २०२४ मध्ये निको १०,००० मीटर २७ मिनिटांच्या आत धावणारा अमेरिकन कॉलेजांमधला पहिला धावपटू ठरला.

यावर लगेच आक्षेप येतो तो लोकसंख्येचा, आणि तो रास्त आहे. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या ३ कोटी ९५ लाख होती, कॅन्ससची २९ लाख. म्हणजे अख्खं कॅन्सस राज्य आपल्या पुणे शहराच्या २०११ मधल्या आकड्यापेक्षाही थोडं लहान. माणसामागे हिशेब केला तर कॅन्सस, ओरेगॉन, साउथ डकोटा वर सरकतात. पण हा भागाकार फार ताणू नये. नऊ लाखांपेक्षा कमी लोकांच्या साउथ डकोटातून सिमियन बर्नबॉमसारखा एक मुलगा निघाला की दरडोई यादीत ते राज्य आभाळाला टेकतं, आणि तो निघाला नसता तर तळाला जातं. लहान संख्येचा भागाकार नेहमी असाच हेलकावे खातो.

हवामानाचाही हात असतो. कॅलिफोर्नियात जानेवारीतही बाहेर पळता येतं. मिशिगनमध्ये तेव्हा बर्फ. कोलोरॅडो आणि युटातली बरीच शहरं १३०० ते १७०० मीटर उंचीवर आहेत. तिथल्या विरळ हवेत राहून शरीर घडतं, पण तिथेच शर्यत लावली तर लांब अंतरात वेळ मंदावते. त्यामुळे कोलोरॅडोच्या राज्य स्पर्धेची वेळ आणि समुद्राकाठच्या कॅलिफोर्नियातली वेळ तशीच शेजारी ठेवणं अन्यायाचं. उंचीचा फटका रायनलाही बसला होता: १९६८ मध्ये २२४० मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत, उंच डोंगराळ केनियाचा किप केनो १५०० मीटरमध्ये जिंकला, रायनला रौप्य मिळालं.

या सगळ्या गोंधळात एक जागा अशी आहे जिथे तुलना बरीच स्वच्छ होते: न बदललेली वाट. इलिनॉयमधल्या पिओरिया गावी डेटवायलर पार्कमध्ये राज्याची क्रॉस कंट्री स्पर्धा वर्षानुवर्षं तीन मैलांच्या त्याच वाटेवर होते. १९७२ मध्ये लेबनन नावाच्या छोट्या गावच्या क्रेग वर्जिननं ती १३:५०.६ मध्ये पार केली. मग एक एक पिढी आली, गेली. शेकडो चांगली मुलं त्याच गवतावर तोच आकडा डोक्यात ठेवून धावली. तो मोडला २०१९ मध्ये, सत्तेचाळीस वर्षांनी. जॉश मेथनरची वेळ १३:४९.८६, फरक एका सेकंदाहूनही कमी. वर्जिन पुढे १९८० आणि १९८१ मध्ये क्रॉस कंट्रीचा विश्वविजेता झाला. इलिनॉयच्या माणसाला आपल्याच राज्यातल्या दोन पिढ्यांची तुलना करायला कुठलाही गुणाकार लागत नाही. त्याच राज्यात एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलचे कोच जो न्यूटन यांनी क्रॉस कंट्रीची २८ राज्य विजेतेपदं मिळवली, म्हणून संपूर्ण संघाच्या हिशेबात मी इलिनॉयला फार वर धरतो.

कॅलिफोर्नियाकडे अशी लांबलचक पट्टीच नाही. तिथे क्रॉस कंट्रीची राज्य स्पर्धा सुरू झाली १९८७ मध्ये, फ्रेस्नोच्या वुडवर्ड पार्कमध्ये. त्याआधीच्या कॅलिफोर्नियन मुलांच्या नावापुढे ‘राज्यविजेता’ लिहिलेलं नसेल तर तो त्यांचा दोष नव्हे.

राज्यांऐवजी विभाग धरले तर १९७९ पासून एक स्पर्धा मदतीला येते. आधी किनी आणि नंतर फूट लॉकर या नावानं चाललेली ही क्रॉस कंट्री स्पर्धा ईशान्य, दक्षिण, मध्यपश्चिम आणि पश्चिम अशा चार विभागांत निवड करून अंतिम शर्यत घेत आली. २००० सालची मुलांची अंतिम शर्यत आजही आठवली जाते. पहिला मिशिगनचा डेथन रिट्झनहाइन, दुसरा वेब, तिसरा कॅलिफोर्नियातल्या डोंगरी बिग बेअरचा रायन हॉल. मध्यपश्चिम, दक्षिण, पश्चिम. तीन विभागांना पहिल्या तीन जागा. सहा महिन्यांच्या आत मैलात वेबनं इतिहास घडवला. पुढे २००७ मध्ये वेब मैल ३:४६.९१ मध्ये धावला, त्याच वर्षी हॉलनं अर्धमॅरेथॉन ५९:४३ मध्ये संपवली, आणि २००९ मध्ये रिट्झनहाइननं ५००० मीटर १३ मिनिटांच्या आत आणले. तिघांनीही आपापल्या शर्यतीत त्या वेळचे अमेरिकन विक्रम केले. मग या तिघांत शाळेत सर्वोत्तम कोण होता? गवतावर विचारलं तर रिट्झनहाइन, ट्रॅकवर विचारलं तर वेब. प्रश्नात जमीन कुठली आहे ते आधी ठरवा.

मुलींची यादी मात्र वेगळ्याच घड्याळावर चालते. मुलांचा इतिहास शंभर वर्षांचा, मुलींना शाळेत बरोबरीनं खेळायचा हक्क देणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. ऑलिंपिकमध्ये बायकांची १५०० मीटर शर्यतही त्याच वर्षी आली. म्हणून मुलींच्या बाबतीत ‘रायनच्या काळात कोण होती?’ हा प्रश्नच चुकीचा. पळायला जागाच नव्हती. कोलोरॅडोच्या बोल्डरची मेलडी फेअरचाइल्ड १९९१ मध्ये दोन मैल ९:५५.९२ मध्ये धावली, दहा मिनिटांच्या आत येणारी पहिली शाळकरी मुलगी. २०२५ मध्ये युटाच्या जेन हेडेनग्रेननं तेच अंतर ९:१७.७५ मध्ये कापलं. मुलांच्या विक्रमात याच काळात इतकी घसरण दिसत नाही. मुलींचं मैदान अजून भरतं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

न्यूयॉर्क राज्य मुलींच्या यादीत दणदणीत दिसतं. तिथे इनडोअर हंगामाची परंपरा आहे, आणि सातवी-आठवीतल्या गुणी मुलींनाही चाचणी देऊन हायस्कूलच्या संघात येता येतं. ब्राँक्सव्हिलच्या मेरी केननं २०१३ मध्ये, शाळेत असताना, ८०० मीटर १:५९.५१ आणि १५०० मीटर ४:०४.६२ मध्ये पार केले. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, की व्यावसायिक प्रशिक्षणात वजन कमी करण्याच्या दबावानं तिचं शरीर आणि मन कसं मोडत गेलं. सोळा-सतराव्या वर्षीचे आकडे पुढच्या आयुष्याच्या पट्टीनं मोजून ‘पुढे काही झालं नाही’ असा शेरा मारणाऱ्यांचा मला राग येतो. शालेय तुलना शाळेपुरतीच करावी. तेवढ्यातही ती मुलगी देशातली सर्वोत्तम होती.

आणि मुलगा ‘कुठला’ हे कसं ठरवायचं? यादीत शाळा बघतात, जन्मगाव नाही. व्हर्झबिकासचा जन्म लिथुआनियातला, पण शाळा इलिनॉयची, म्हणून तो इलिनॉयचा. शर्यत कुठे झाली यालाही महत्त्व नाही. रायनच्या मोठ्या शालेय धावा बहुतेक कॅलिफोर्नियातल्या, कारण मोठ्या शर्यती तिथे व्हायच्या.

मग माझा क्रम? एकच धावपटू निवडायचा तर कॅन्सस. सात निवडायचे तर कॅलिफोर्निया, आणि दुसऱ्या जागेसाठी ओरेगॉन आणि इलिनॉय यांच्यात मी बराच वेळ घालवेन, कारण ओरेगॉनकडे रप आहे, मेटन आहे, आणि कूस बेच्या मार्शफील्ड हायस्कूलमधून १९६९ मध्ये ८:४१.५ वेळेत दोन मैलांचा राष्ट्रीय शालेय विक्रम करून गेलेला स्टीव्ह प्रीफॉन्टेन आहे. फक्त ५००० मीटर धरले तर स्पोकेनच्या त्या एका लहानशा मुलासाठी वॉशिंग्टन.

रायनची मला सर्वांत आवडणारी धाव मात्र ३:५५.३ ची नाही. १९६२ मध्ये तो पहिल्यांदा मैल धावला तेव्हा त्याला ५:३८ लागले होते. १५ मे १९६५ ला विचिटात, कॅन्ससच्या राज्य स्पर्धेत, स्नेल नाही, पेसर नाही, आजूबाजूला फक्त शाळेची मुलं असताना तो ३:५८.३ धावला. त्या दिवशी त्याला ओढून न्यायला पुढे कुणीच नव्हतं.